शाळेत टीव्ही आणि दोन टॅब : दहा महिने वापरून झाल्यावरचा अनुभव

जूनमध्ये आमच्या शाळेत टीव्ही आला तेव्हा बऱ्याच ओळखीच्या शिक्षकांनी विचारलेलं की कसाय, घ्यावा का, पोरं शिकतात का नुसती बघत बसतात. तेव्हा म्हणलं होतं वर्षभर वापरते मग सांगते, कारण पहिल्या महिन्यात सगळंच भारी वाटतं. आता एप्रिल आलाय, वार्षिक परीक्षा तोंडावर आहे, तर लिहून टाकते. लांबलचक होणार आहे, आधीच सांगते.

शाळा आमची जिल्हा परिषदेची, बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातली वस्तीवरची. पहिली ते चौथी, एकतीस पोरं, दोन शिक्षक, मी आणि एक सर. म्हणजे एका खोलीत पहिली-दुसरी आणि दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी, आणि सर मीटिंगला किंवा कुठल्या ट्रेनिंगला गेले की चारही वर्ग माझ्या गळ्यात. ज्यांनी कधी जोडवर्ग घेतला नाही त्यांना सांगते, एका वर्गाला तोंडानं शिकवायचं, दुसऱ्याला पाटीवर काहीतरी लावून द्यायचं, पाच मिनिटांनी उलटं, आणि मधल्या काळात ज्याची पाटी भरली तो शेजाऱ्याच्या पाठीत गुद्दा घालणार. आमच्याकडं लायब्ररी नाही, प्रयोगशाळेचा प्रश्नच नाही, सगळ्यात जवळचं पुस्तकाचं दुकान कडा गावात.

सामान काय घेतलं ते सांगते. त्रेचाळीस इंची साधा अँड्रॉइड टीव्ही, इन्व्हर्टर आणि बॅटरी, दोन टॅब (एक नवा, एक कुणाचा तरी वापरलेला, त्याचा कोपरा तडकलेला), एक ब्लूटूथ स्पीकर, तीन पेनड्राइव्ह. सगळी लोकवर्गणी. आमच्या शाळेतून शिकून पुण्याला कंपनीत लागलेल्या एका पोरानं पाच हजार पाठवले, मग त्याचं नाव सांगून बाकीच्यांकडं मागायला सोपं गेलं. टीव्हीपेक्षा बॅटरी आधी घ्या असं एका शेजारच्या शाळेतल्या मॅडमनी सांगितलेलं, ते ऐकलं हे बरं झालं, कारण लाइट जाण्याची वेळ आणि माझ्या तासाची वेळ यांचं काहीतरी संगनमत आहे.

मी या बाबतीत सुरुवातीपासून जरा तिरकीच होते. लॉकडाऊन आठवतंय ना, मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि आम्ही शिक्षक रोज सकाळी पालकांच्या ग्रुपवर पीडीएफ टाकायचो, खाली सहा अंगठे यायचे, त्यातले चार अंगठे पोरांच्या मामा-चुलत्यांचे. एकतीस घरांत मिळून चांगले फोन सात का आठ. त्यापेक्षा सह्याद्री वाहिनीवर टिलीमिली हा शाळेच्या पोरांसाठीचा कार्यक्रम लागायचा तो तरी टीव्ही असलेल्या घरात चार पोरं एकत्र बसून बघायची. तेव्हापासून डिजिटल शिक्षण म्हणलं की मला तो अंगठाच आठवतो. आणि शिक्षकाच्या बाजूनं डिजिटल म्हणजे काय तर लिंक. ही लिंक भरा, आज पाचपर्यंत भरा, फोटो अपलोड करा, काल भरलेली परत भरा कारण काल सर्व्हर डाउन होता. वर्गात शिकवायचं सोडून शिकवत असल्याचा फोटो काढायचा. असो, तो राग वेगळा आहे, त्यावर लिहायला बसले तर टीव्ही राहून जाईल.

पहिले दोन महिने खरं सांगायचं तर फसले. बिया रुजण्याचा एक व्हिडिओ होता, सहा मिनिटांचा, मस्त रंगीत, मागं म्युझिक. पोरं एकदम शांत. मला वाटलं वा, आजवर अशी शांतता बघितली नाही. संपल्यावर विचारलं काय बघितलं, तर चौथीतला एक म्हणतो, "मॅडम, बी नाचत व्हतं." बाकीच्यांनी पण तेच सांगितलं, बी नाचतं आणि मग झाड होतं. म्हणजे सहा मिनिटं गेली ती गेलीच.

मग पुढच्या आठवड्यात तोच व्हिडिओ, पण आवाज बंद करून लावला आणि दर वीस-तीस सेकंदांनी थांबवला. बी फुगलंय, थांबवलं, आता काय होईल? कुणी म्हणलं पान येईल, कुणी म्हणलं मूळ, कुणी म्हणलं दोन्ही एकदम. फळ्यावर तिघांचे पक्ष लिहिले, मग पुढं चालू. ज्याचं बरोबर आलं तो असा ओरडला जसा बैलगाडा जिंकलाय. त्या दिवशी तास चाळीस मिनिटं चालला आणि व्हिडिओ अजून अर्धाच झाला होता. सगळ्या सेटमधलं सगळ्यात कामाचं बटण कुठलं असं कुणी विचारलं तर माझं उत्तर थांबवायचं बटण, आणि दुसऱ्या नंबरला आवाज बंद करायचं.

त्याच्याही पुढं गेलो. घरून मटकी आणली, ओल्या फडक्यावर बशीत मांडली, आणि पोरांनीच टॅबनं रोज सकाळी प्रार्थना झाली की फोटो काढायचा, रोज त्याच जागी उभं राहून, त्यासाठी फरशीवर खडूनं पावलं आखली. आठ दिवसांचे आठ फोटो. मग ते टॅबवर भराभर बोटानं सरकवले की झाला आमचा स्वतःचा व्हिडिओ. यात एक गंमत झाली. कुणीतरी काही दाणे मोड आलेले उचलून मुद्दाम उलटे ठेवलेले, मूळ वर करून. पुढच्या फोटोंत ती मुळं वळून परत खाली चाललेली दिसली. हे मला पुस्तकात माहीत होतं पण डोळ्यांनी असं कधी बघितलं नव्हतं. एका पोरीनं विचारलं, "त्याला कसं कळतं खाली कुठंय ते?" यावर मी जमिनीची ओढ वगैरे सांगितलं पण ती काय समाधान पावली नाही. बरोबरच होतं तिचं.

म्हणून टॅबवर एवढं सांगते. लोक म्हणतात टॅब म्हणजे गेम. आमच्याकडं टॅबचा सगळ्यात जास्त वापर कॅमेरा आणि रेकॉर्डर म्हणून झाला. म्हणजे पोरांनी बघण्यापेक्षा काढलं जास्त. विहिरीची पातळी दर महिन्याला त्याच जागेवरून काढलेली, आजीकडून जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करून आणलेल्या (त्यात एक आजी मध्येच म्हणते ते बंद कर गं बाई, कोंबडी घुसली), शाळेच्या अंगणातल्या चिंचेवरचे पक्षी.

वाचनाचं एक अॅप पण वापरलं, पोरानं मोठ्यानं वाचायचं आणि अॅप ऐकून चुकलं की सांगतं, तसलं. हे जोडवर्गात फार उपयोगी पडतं कारण मी चौथीचा भागाकार घेत असताना तिसरीतली दोन पोरं ओट्यावर बसून वाचत असतात आणि कुणीतरी त्यांचं ऐकत असतं. जी पोरं वर्गात उभं राहून वाचायला सांगितलं की पायानं जमीन उकरतात ती पण वाचतात. पण भाबडेपणानं विश्वास ठेवू नका. आमची तिसरीतली एक पोरगी त्यात एकदम पुढं गेलेली, सगळे स्टार मिळवलेले, मी खूश. एक दिवस सहज म्हणून तिच्या हातातला टॅब उलटा करून दिला तरी ती गोष्ट वाचतच होती. अख्खी पाठ! तिला अक्षरं आधी जेवढी येत होती त्यापेक्षा फार जास्त येत नव्हती. तिची काय चूक, तिनं आपलं डोकं वापरलं. त्यानंतर मी दर शनिवारी साध्या कागदावर चार नवी वाक्यं लिहून प्रत्येकाकडून वाचून घ्यायला लागले, आणि टॅबचे स्टार आणि कागदावरचं वाचन शेजारी शेजारी लिहून ठेवते. दुसरं म्हणजे आमची पोरं पाणीला पानी म्हणतात, ते कधी चालतं कधी चालत नाही, त्यामुळं पोरगं बरोबर वाचूनही अडकून बसतं आणि माझ्याकडं बघतं. तेव्हा जाऊन सांगावं लागतं की तुझं बरोबर आहे, त्याला आपली बोली कळत नाही.

निपुण भारत ही केंद्र सरकारची मोहीम २०२१ मध्ये सुरू झाली, तिसरीपर्यंत प्रत्येक पोराला समजून वाचता आलं पाहिजे आणि साधं गणित आलं पाहिजे, २०२६-२७ पर्यंत. चांगलंच आहे. पण ते एकेका पोराजवळ बसल्याशिवाय होत नाही आणि दोन शिक्षकांत चार वर्ग असताना जवळ बसायला वेळ कुठून आणायचा, तर तो थोडा थोडा या टॅबनं काढून दिला. एवढंच त्याचं काम, पण ते एवढं पण दुसरं कुणी करून देत नव्हतं.

गणितासाठी फेट नावाच्या सिम्युलेशन वापरल्या, म्हणजे पडद्यावर स्वतः हलवून, करून बघायचे प्रयोग. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा प्रकल्प आहे, कार्ल वायमन या नोबेल मिळालेल्या भौतिकशास्त्रज्ञानं २००२ मध्ये सुरू केलेला, फुकट आहे आणि बऱ्याच मराठीत पण आहेत. एकदा डाउनलोड करून ठेवलं की नेट लागत नाही, आमच्यासाठी हे सगळ्यात महत्त्वाचं. चौथीला अपूर्णांक. एक तृतीयांश मोठा की एक द्वितीयांश? सगळे म्हणणार एक तृतीयांश, कारण तीन मोठे. दरवर्षी भाकरी मोडून दाखवते, दरवर्षी पोरं मान डोलावतात आणि पेपरात परत तेच लिहितात. या वेळी दोघांत एक टॅब दिला आणि म्हणलं तुम्हीच तुकडे करा आणि शेजारी ठेवून बघा. दोघांत एक, हे मुद्दाम. आधी टॅब कमी म्हणून वाईट वाटायचं, पण एकाला एक दिला की तो गप बसून बोट फिरवत राहतो, दोघांत एक दिला की भांडण होतं आणि भांडणात बोलावं लागतं, "अरं पण तीन वाटे केले तर वाटा बारीक होणार ना येड्या." हे वाक्य माझ्या तोंडून चार वर्षं गेलं असतं तरी त्याचा उपयोग झाला नसता.

आता पुस्तकांवरच्या क्यूआर कोडबद्दल. दीक्षा हे सरकारी अॅप २०१७ पासून आहे, कोड स्कॅन केला की त्या धड्याचं साहित्य उघडतं, आणि डाउनलोड करून ठेवता येतं. मी रविवारी घरी वाय-फायवर पुढच्या आठवड्याचं उतरवून आणते. डिजिटल शाळा म्हणलं की आपल्याकडं लोक लगेच सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींचं नाव काढतात, २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ, आणि त्या दहा लाख डॉलरमधले निम्मे त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ जणांत वाटून टाकायचं ठरवलं ते सगळ्यांच्या लक्षात आहे. पण त्यांनी कोडचा प्रयोग आधी आपल्या छोट्या शाळेत, आपल्या पोरांसाठी करून बघितला होता, ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात पष्टेपाड्याची डिजिटल शाळा पण तशीच, एका पाड्यावरच्या शाळेतून सुरुवात. म्हणजे हे शहरातल्या एसी शाळांचं काम आहे असं जे म्हणतात त्यांनी जरा इकडं बघावं. एसी शाळेतल्या पोराकडं तसंही घरी सगळं असतं. आणि बालभारतीचं किशोर मासिक, १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक ऑनलाइन फुकट आहेत, ते पीडीएफ टीव्हीवर लावून आम्ही शनिवारी सगळ्यांनी मिळून वाचतो. टीव्हीवर पुस्तक वाचायचं म्हणजे हसू येईल पण एका अंकाभोवती एकतीस पोरं बसवून बघा.

आता ऊसतोडीचं. आमच्या वस्तीवरनं दिवाळीच्या आगेमागे निम्म्याहून जास्त घरं कोयत्याला जातात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, ट्रक नाहीतर ट्रॅक्टर येतो, भांडीकुंडी, शेळी, कोंबड्या, पोरं सगळं भरून कारखान्याकडं, कुणी कोल्हापूर-सांगलीकडं, कुणी कर्नाटकात. काही पोरं आजीजवळ राहतात, काही हंगामी वसतिगृहात जेवतात, पण दरवर्षी पाच-सहा तरी जातातच. परत येतात मार्च-एप्रिलला, आणि तोवर दुसरीचं पोरगं जोडाक्षर विसरलेलं असतं.

राहिलेल्या पोरांसोबत एकदा गूगल अर्थवर आमची शाळा शोधली. पत्र्याचं छत ओळखलं, चिंच ओळखली. मग एक म्हणाला माझी आई दाखवा. म्हणलं आई नाही दिसणार, गाव दिसेल, ती शिरोळकडं होती. तिथपर्यंत गेलो, मग त्यात अंतर मोजायची पट्टी असते ती ओढली, सरळ रेषेत दोनशे चाळीस किलोमीटरच्या आसपास आलं. तर तो म्हणाला हे खोटंय, आम्ही मागच्या वर्षी गेलो तर रात्रभर ट्रकमधी होतो. त्यावरून सरळ रेषेचं अंतर आणि रस्त्याचं अंतर, नकाशाचं प्रमाण, हे सगळं निघालं, नकाशाचा पाठ मी आजवर एवढा नीट कधी घेतला नव्हता. पोरगं मधल्या सुट्टीत पण त्या पट्टीजवळच बसलं होतं.

आणि गेलेल्या पोरांचं. यावर्षी जाताना पाच जणांच्या बापांचे नंबर घेतले आणि सांगितलं मी रोज संध्याकाळी दोन मिनिटांचा आवाज आणि पुस्तकाच्या पानाचा फोटो पाठवीन, पोरानं ते वाचून आवाज परत पाठवायचा, बाकी काही नको. पाचातल्या दोघांचे फोन आठवड्यात बंद, रिचार्ज संपला असणार. एकाचा बाप म्हणाला मॅडम रात्री अकराला फडातनं येतो, कधी करू. त्यावर मी काय बोलणार. एकाचं अधूनमधून यायचं. आणि एक तिसरीतली पोरगी, ती जवळजवळ रोज पाठवायची, जानेवारीपर्यंत तरी. कोपीतनं, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीतनं, रेकॉर्ड केलेलं, मागं चुलीवर काहीतरी चरचरतंय, धाकटं भावंड रडतंय, कुणीतरी ओरडतंय पाणी आण म्हणून, आणि मध्ये हिचा आवाज, बोट ठेवून वाचल्यासारखा एकेक शब्द. एकदा वाचता वाचता थांबली आणि म्हणाली, "मॅडम पुढचं उद्या, पप्पाला फोन पायजे." ते सगळे आवाज मी ठेवलेत. ती मार्चच्या शेवटी आली तेव्हा वाचनात फार पुढं गेली होती असं नाही, पण जिथं सोडलं होतं तिथंच होती, मागं गेली नव्हती, आणि ज्यांनी अशी पोरं परत आलेली बघितलीत त्यांना कळेल मी काय म्हणतेय. पाचात एक. बाकी चौघांचं काम आता परत पहिल्यापासून.

तक्रारी भरपूर आहेत, त्या पण ऐका. सुरुवातीला एका कंपनीच्या माणसानं पहिली ते चौथीचं तयार पॅकेज आणून दाखवलं, भारी भारी अॅनिमेशन, आणि आम्ही भुललो, वर्गणीतले सहा हजार घातले. ते एका डोंगलवर चालतं, डोंगल हरवला की संपलं, आणि आतले धडे जुन्या पुस्तकाचे. फोन केला तर म्हणाला अपडेट येईल. दहा महिने झाले. त्यात भाषा अशी की पोरं एकमेकांच्या तोंडाकडं बघतात, आणि सगळं बोलणाऱ्या बाईचा आवाज विमानतळावरचा. तयार पॅकेज घेऊच नका, हे ठळक अक्षरात लिहिलंय असं समजा.

थेट नेटवरून व्हिडिओ लावणं पण बंद केलं, कारण तिसरीची कविता चालू असताना मध्येच ऑनलाइन रमीची जाहिरात आली आणि दुसऱ्या दिवशी दोन पोरं मधल्या सुट्टीत ते वाक्य जसंच्या तसं म्हणत होती. कविता मात्र पाठ झाली नव्हती. तेव्हापासून पेनड्राइव्ह झिंदाबाद.

उन्हाळ्यात पत्र्याखाली टॅब तापतो आणि आपोआप बंद होतो, मग त्याला माठाजवळ ठेवायचं. पावसाळ्यात टीव्हीवर मेणकापड. चोरीची भीती म्हणून सर टॅब घरी नेतात आणि विसरून येतात. खडूची धूळ स्पीकरच्या आत. वीजबिल कोण भरणार हा वाद तर शाळा संपली तरी संपणार नाही. आणि सगळ्यात मोठी काळजी म्हणजे बदली. मी गेले आणि पुढच्या माणसाला आवड नसली तर टीव्हीवर चादर पडणार, अशा चादरी मी चार शाळांत बघितल्यात. म्हणून चौथीच्या दोन पोरींना सगळं शिकवून ठेवलं होतं, पेनड्राइव्ह कुठली, कुठलं फोल्डर, चार्जिंग कधी. आता त्या जूनमध्ये पाचवीला दुसऱ्या गावात जाणार, म्हणून सध्या त्या तिसरीतल्या दोघांना शिकवतायत आणि माझ्यापेक्षा जास्त रागावतात.

स्क्रीनच्या विरोधात बोलणाऱ्यांचं पण मला पटतं. युनेस्कोनं २०२३ च्या अहवालात म्हणलंच आहे की शिकण्याला मदत होत असेल तेवढ्यापुरतंच तंत्रज्ञान वर्गात आणा. आमच्याकडं टीव्ही दिवसाला जास्तीत जास्त अर्धा तास, काही दिवस अजिबात नाही. लिहायचं पाटीवर आणि वहीतच. पण ज्या शाळेत पुस्तकंच नाहीत, नकाशा एक आणि तोही फाटका, तिथं येऊन स्क्रीन नको म्हणणाऱ्यांनी आधी मला पुस्तकं आणून द्यावीत, मग बोलू.

कुणी विचारलंच की आमच्या शाळेला पैसे थोडे आहेत, काय घेऊ, तर टीव्ही राहू द्या बाजूला. बॅटरी घ्या, दोन-तीन टॅब घ्या, जाड कव्हरचे, आणि एक बरा स्पीकर. टीव्ही शेवटी. गावाला टीव्हीचं उद्घाटन करायला आवडतं, टॅबचं करता येत नाही, नारळ कुठं फोडणार, त्यामुळं वर्गणी टीव्हीच्या नावानंच मागावी लागेल हे मात्र खरं.

आणि हो, उंदीर. आमची एचडीएमआयची वायर दोनदा कुरतडली. दुसऱ्यांदा परवाच. पोरांनी त्याचा पण फोटो काढून ठेवलाय, तारीख टाकून. नवी वायर आणायला उद्या कड्याला जायचंय.